बोर्निओहून आलेली डाँकी

निशिकांत सोहोनीच्या तोंडून 'तोड' हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता, आणि गंमत अशी की माणसाचा धंदाच तोडण्याचा. सिंगापूरला वुडलँड्सच्या जवळ सुंगेई काडुट नावाचा लाकूडकारखान्यांचा भाग आहे, तिथे कोहसाहेबांचं जुन्या अवजड यंत्रांचं यार्ड होतं. आजूबाजूच्या देशांतल्या जंगलांत आणि खाणींत झिजलेल्या क्रेन, बुलडोझर, विंच तिथे येऊन पडायच्या. पूर्वी त्यातल्या निम्म्या दुरुस्त होऊन पुन्हा कामाला जायच्या, आणि त्यासाठीच तर भोसरीची बरी चाललेली नोकरी सोडून निशिकांत ऐन तारुण्यात इथे आला होता. पुढे नवी यंत्रंच इतकी स्वस्त झाली की दुरुस्ती कुणी मागेना. जोडायला आलेला माणूस बघता बघता तोडणाऱ्यांचा म्होरक्या होऊन बसला.

तरी तो 'तोडा' म्हणायचा नाही. त्याच्या आईने अशुभ क्रियापदांना घरात कधी थारा दिला नव्हता. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. हातातली बांगडी पिचली तरी ती 'वाढवली', आणि कोपऱ्यावरच्या वाण्याने फळ्या लावल्या की त्याने दुकान 'वाढवलं'. मोडण्याला वाढणं म्हणणारी आपली भाषा, तिच्या भित्रेपणाला हसावं की तिच्या मायेला नमस्कार करावा हे कळत नाही. निशिकांतने हा संस्कार थेट गॅस कटरपर्यंत आणून पोचवला. "ती पिवळी क्रेन उद्या वाढवू," असं तो शांतपणे सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या क्रेनचे तुकडे व्हायचे. कटिंग करणाऱ्या तमिळ आणि बांगलादेशी मंडळींनी तो शब्द उचलला. कोहसाहेबसुद्धा सकाळी आल्या आल्या विचारायचे, "टुडे विच वन वाढव, आह?"

हसला तो एकटा रत्नदीप. रत्नदीप नागपूरचा, तिशीतला मेकॅनिकल इंजिनिअर, बौद्ध घरातला, निशिकांतच्या हाताखाली नव्यानेच लागलेला. आमच्याकडे नारळ चटणीसाठी फोडतात आणि फोडतात असंच म्हणतात, असं त्याने पहिल्याच आठवड्यात ऐकवलं होतं. निशिकांतलाही त्याचं हसू आलं होतं. पण वाण नाही पण गुण लागतो म्हणतात तसं झालं. सहा महिन्यांत रत्नदीपही फोनवर गिऱ्हाइकाला सांगू लागला की तो लोडर आता मिळणार नाही, तो परवाच वाढवला.

निशिकांतची आणखी एक खोड रत्नदीपने पाहून ठेवली होती. मोठं यंत्र तोडायचं असेल त्या दिवशी सर एक हार आणि एक नारळ घेऊन यायचे. यंत्राला हार घालायचे, नारळ वाढवायचे, आणि कटर पेटला की तिथून निघून जायचे. कोपऱ्यावरच्या कॉफी शॉपमध्ये कोपीचा कप समोर घेऊन बसायचे ते सगळं आटोपल्यावरच परतायचे. त्यांना बघवायचं नाही. यार्डात हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरून कुणी त्यांची थट्टा करत नसे.

अशा या यार्डात दोन हजार चौदाच्या सुरुवातीला बोर्निओहून आलेल्या भंगाराबरोबर डाँकी आली.

पहिल्यांदा कुणाला ओळखूच आली नाही. दोन अखंड, माणसाच्या कमरेइतक्या जाड ओंडक्यांची घसरगाडी, तिच्यावर उभा बॉयलर, बाजूला वाफेची दोन सिलिंडरं आणि पुढे तारेचा दोर गुंडाळायचे भलेमोठे ड्रम. सगळ्यावर गंज आणि वेली. निशिकांतने घासून घासून पितळी पाटी उघडी केली तेव्हा अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका गावाचं नाव निघालं. मग त्याने वाचायला सुरुवात केली, आणि घरी शैलाला रोज जेवताना डाँकीचं पुराण ऐकावं लागलं. तिकडच्या जंगलात म्हणे झाडं एवढी थोर की बैलांच्या जोड्या लावूनही ओंडका हलायचा नाही. मग हे वाफेचं इंजिन आलं. ते एका जागी उभं राहायचं आणि लांबवरचा ओंडका दोराने ओढून आणायचं. बैलांचं काम केलं आणि नाव मिळालं गाढवाचं, हा न्याय मात्र सगळ्या जगात सारखाच. निशिकांतला वेड लागलं ते वेगळ्याच गोष्टीचं. जागा बदलायची वेळ आली की डाँकीचा दोर पुढच्या एखाद्या बुंध्याला बांधायचे आणि ती स्वतःच स्वतःला ओढत डोंगर चढायची. असलीच एक डाँकी कुठल्याशा इंग्रज लाकूड कंपनीने बोर्निओला नेली, युद्ध आलं, माणसं पळाली, आणि ती तिथेच झाडीत राहिली.

शैलाने एकदा विचारलंसुद्धा की एवढी यंत्रं वाढवलीत, हिच्यातच असं काय आहे. निशिकांतने तिला डाँकी डोंगर कशी चढायची तेच पुन्हा सांगितलं. पण खरी गोष्ट सोपी होती. यार्डाच्या जमिनीचा सरकारी करार वर्षाअखेर संपणार होता, त्याबरोबर त्याची नोकरीही. इतक्या वर्षांत आपण शेकडो यंत्रं मोडली, जाताना एक तरी वाचवून जावं, एवढंच त्याला हवं होतं. बाकी कशाची हाव नव्हती.

त्याने अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या लाकूडतोड्यांच्या संग्रहालयाला ईमेल केली. उत्तर दिलं हेलन लिंडस्ट्रॉम नावाच्या बाईंनी. ऐंशी ओलांडलेल्या, संग्रहालय चालवणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींत सगळ्यांत म्हाताऱ्या. ऑगस्टमध्ये त्या मुलीबरोबर ऑस्ट्रेलियाला जाताना वाट वाकडी करून सिंगापूरला उतरल्या. काठी टेकत यार्डात आल्या, बॉयलरवर हात ठेवला. त्यांचे वडील असल्याच डाँकीवर काम करायचे. लहानपणी घरात बसून तिची शिट्टी ऐकू यायची आणि शिट्टी थांबली की आई दारात येऊन उभी राहायची, असं त्यांनी सांगितलं. संग्रहालयाकडे होती ती डाँकी आगीत गेली होती. वसंतात जहाजाची सोय होईल, तेवढे दिवस ही सांभाळा, असं त्यांनी निशिकांतचा हात हातात घेऊन सांगितलं. निशिकांतने शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण पाळणं आपल्या हाती थोडंच असतं. डिसेंबरअखेर यार्ड मोकळं करून द्यायचं होतं आणि डाँकी जाणार होती वसंतात. कोहसाहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या लेखी लोखंड ते लोखंड. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथे गाढवापायी हरी कोहसाहेबांचे पाय धरत होता. शेवटी नोव्हेंबरात निशिकांतने स्वतःच शेजारच्या आरागिरणीवाल्याला गाठलं आणि त्याच्या आवारात डाँकी महिनाभर ठेवायचं ठरवून तिला तिकडे हलवलं. महिन्यानंतर मुदत पुढे वाढवता येईल, असं तो म्हणाला होता. निशिकांतच्या जिवाला जरा स्वस्थता मिळाली.

डिसेंबरात त्याच्या भाचीचं, प्रणिताचं, पुण्याला लग्न होतं. मामाला जाणं भाग होतं. यार्ड उपसायचं काम ऐन भरात होतं, रोज दोन-दोन यंत्रं तोडली जात होती, ते सगळं रत्नदीपवर सोपवून तो निघाला. जाताना डाँकीकडे लक्ष ठेव असं सांगायला तो विसरला नाही. रत्नदीपनेही मान डोलावली. पण सरांनी नेमकं याच दिवसांत पुण्याला जावं याचा त्याने आपल्या मनाशी वेगळा अर्थ लावला होता, आणि तो निशिकांतला पुष्कळ उशिरा कळला.

फोन आला तेव्हा कार्यालयाच्या दारात नवरदेवाची मिरवणूक पोचली होती. आत सनई, बाहेर बँड, आणि प्रणिताला बोहल्यावर आणायला मामा कुठे गेला म्हणून चारी बाजूंनी हाका. निशिकांतने एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्याला फोन लावला. रत्नदीप काहीतरी बरंच सांगत होता. त्यातलं 'आरागिरणीवाले' कळलं, 'शुक्रवारी संपतंय' कळलं. मधलं सगळं बँडने खाल्लं. मग एक वाक्य स्वच्छ आलं.

"सर, डाँकीचं काय करू?"

"अरे, वाढवून टाक," निशिकांत ओरडला.

रत्नदीपने पुन्हा विचारलं.

"नक्की ना सर?"

"नक्की म्हणजे काय, विचारतोस काय त्यात? वाढवून टाक आणि मोकळा हो."

त्याने फोन खिशात टाकला आणि भाचीला आणायला पळाला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. त्या दिवशी तो फार खुशीत होता. डाँकीला आणखी महिना मिळाला आणि भाचीला चांगला मुलगा, असं तो पंगतीत शेजारच्याला सांगतही होता, आणि त्या बिचाऱ्याने कुठली डाँकी हे विचारायचं सौजन्याने टाळलं.

बँडने जे खाल्लं होतं ते असं होतं. आरागिरणीवाल्याचाही करार संपत होता, त्यालाही जागा सोडायची नोटीस आली होती आणि शुक्रवारनंतर तो डाँकी एक दिवसही ठेवायला तयार नव्हता. कटिंगची मंडळीही शुक्रवारनंतर मिळणार नव्हती. म्हणजे मुदत वाढायचा प्रश्नच उरला नव्हता. हे सगळं सांगून झाल्यावर माणूस विचारतो, काय करू, आणि सर सांगतात, वाढवून टाक. गेला महिनाभर यार्डात त्या शब्दाचा दिवसातून दहा वेळा जो अर्थ होत होता, तोच रत्नदीपने घेतला. दुसरा घ्यायला त्याला जागा कुठे होती?

निशिकांत परतला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. विमानतळावरून घरी बॅगा टाकल्या आणि जेवायलाही न थांबता यार्डात आला. यार्ड जवळजवळ रिकामं झालं होतं. शेजारच्या आवाराकडे त्याने बघितलं, तर तिथे ओल्या मातीवर ओंडक्यांचे दोन लांब ठसे होते. त्याला वाटलं, हलवली असेल कुठेतरी. रत्नदीप ऑफिसातून बाहेर आला. निशिकांतने त्याच्या हातावर पेढा ठेवला.

"सर, तुम्ही करता तसंच सगळं केलं," तो म्हणाला. "सेरंगूनच्या भारतीय बाजारात जाऊन हार आणला. नारळ पण वाढवला. मला काही येत नाही त्यातलं, पण तुमच्यासाठी केलं. आणि मी तिथून हललो नाही. तुम्हाला बघवलं नसतं म्हणून तुम्ही गेलात, मग कुणीतरी उभं राहायला पाहिजे ना, म्हणून शेवटपर्यंत उभा राहिलो."

निशिकांतला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याने ऑफिसच्या पायरीवर बूड टेकलं. फोनवरचे आपलेच शब्द त्याला एकेक करून ऐकू येऊ लागले, बँडसकट. समोरचा मुलगा डोळ्यांत पाणी आणून उभा होता आणि त्याची समजूत अशी होती की हे दुःख दोघांचं मिळून आहे. निशिकांतने एवढंच विचारलं की ओंडक्यांचं काय केलं. आरागिरणीवाल्याने शेवटच्या दिवशी त्यांच्या फळ्या काढल्या, असं उत्तर मिळालं.

'ठेव' म्हणायला काय गेलं असतं? सरळ, शुभ, एका दमात संपणारा शब्द. पण तोंडाला जी सवय लागते ती वेळ बघत नाही. वाईट बोलू नये म्हणून जन्मभर जपलेली जीभ, आणि तिनेच दावा साधला. त्याला स्वतःचा इतका राग आला की पेढ्यांचा पुडा तिथेच ठेवून तो चालत घरी गेला.

शैलाने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की रत्नदीपला खरं काय ते सांगून टाका.

"सांगून काय होणार आहे? डाँकी उभी राहणार आहे का?" निशिकांत म्हणाला. "उगाच त्याच्या जिवाला घोर. आयुष्यभर लावून घेईल."

"अहो, तुम्ही त्याच्यासाठी गप्प बसताय की स्वतःसाठी?"

तो उठून बॅगा आवरू लागला. कोहसाहेबांना त्याने सांगितलं की निर्णय आपलाच होता, आणि कोहसाहेबांनी खांदे उडवून म्हटलं की मी तर आधीच सांगत होतो. खरी कसोटी होती हेलनबाईंची. त्यांना काय लिहायचं? वाढवणे म्हणजे तोडणे आणि वाढवणे म्हणजे वाढवणे, हे इंग्रजीत समजावणार कसं, आणि समजावलं तरी ऐंशी ओलांडलेल्या बाईला त्याचं काय? तीन वेळा लिहून खोडल्यावर त्याने कळवलं की डाँकी आपल्याच हुकमावरून तोडली गेली, फार वाईट वाटतं, पण दुसरीकडे कुठे ठेवायला जागाच उरली नव्हती. हे शेवटचं वाक्य त्याने आपल्या समाधानासाठी घातलं. शिवाय ते खरंही होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. हेलनबाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. तुम्ही प्रयत्न केलात हे मला माहीत आहे, जागाच नसेल तर कुणी काय करणार. त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं.

यार्ड बंद झालं. जानेवारीत रत्नदीपला जुराँगला नवी नोकरी लागली आणि त्याने निशिकांतला जेवायला बोलावलं. वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये दुपारच्या गर्दीतून जागा धरून तो वाट बघत होता. बिर्याणी आली, नव्या नोकरीच्या गोष्टी झाल्या. निशिकांतला पोरगा आवडायचाच, त्या दिवशी जास्तच आवडला. आज सांगून टाकावं, असंही त्याच्या मनात आलं. एकमेकांचा निरोप घेताना मन साफ असलेलं बरं. तो तोंड उघडणार तेवढ्यात रत्नदीपच बोलला.

"सर, एक सांगू? आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी मी फोन केला ना, तो खरं म्हणजे विचारायला केलाच नव्हता. जागा मिळाली होती."

"कसली जागा?"

"डाँकीसाठी. माझा रूममेट रोज कॉजवेचा पूल ओलांडून पलीकडे जोहोरला कामाला जातो, त्यांच्या गोदामामागे मोकळी जागा आहे. त्याच्या मॅनेजरला जाऊन भेटलो. पाहिजे तितके दिवस ठेवा म्हणाला. ट्रेलर पण सांगून ठेवला होता. पण तुमच्याआधी आपणच ठरवून मोकळं व्हायचं हे बरं नाही ना दिसत. म्हणून आधी रीतीप्रमाणे विचारलं, डाँकीचं काय करू. तुम्ही हो-ना करत असाल तर मग जागेचं सांगणार होतो."

निशिकांतने चमचा ताटात ठेवला.

"पण तुम्ही एकदम ठाम सांगितलंत," रत्नदीप म्हणाला. "मी परत विचारलं, तरी तेच. मग म्हटलं, सरांनी मन घट्ट करून ठरवलंय, आता आपण जागा-बिगा काढून त्यांना परत त्रास कशाला द्या. त्याच संध्याकाळी ट्रेलरवाल्याला नको म्हणून कळवलं. बरोबर केलं ना सर?"

आजूबाजूला ताटं वाजत होती, कुणीतरी उठायची वाट बघत त्यांच्या टेबलाशी उभं होतं. निशिकांतने त्या मुलाकडे बघितलं. इतक्या वर्षांत एक यंत्र वाचवायचं त्याच्या मनात होतं, आणि ते या मुलाने वाचवलं होतं, गाजावाजा न करता, आणि मग वडीलधाऱ्या माणसाचा मान राखायला पुन्हा गमावलं होतं. काही क्षणांपूर्वी खरं सांगून मन मोकळं करणं सोपं वाटत होतं. आता ते सांगणं म्हणजे आपल्या मनावरचं ओझं उचलून त्याच्या डोक्यावर ठेवणं होतं, आणि तो ते नव्या नोकरीत, पुढच्या सगळ्या आयुष्यात घेऊन फिरला असता. शैलाच्या प्रश्नाचं उत्तर त्याला आत्ता मिळालं. आजवर तो स्वतःसाठीच गप्प होता. आजपासून मात्र या मुलासाठी गप्प राहावं लागणार होतं.

"बरोबर केलंस," तो म्हणाला.

रत्नदीपच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. तो हसला, आणि सर, बिर्याणी गार होतेय म्हणाला. निशिकांतने ताटातलं सगळं संपवलं. मग दोघं एमआरटीच्या स्टेशनपर्यंत बरोबर चालत गेले, आणि वाटेत रत्नदीपने त्याला सहज सांगितलं की ते जोहोरचं गोदाम अजून तसंच रिकामं पडलं आहे.